श्रद्धा आणि समुपदेशन: ख्रिस्ती मंडळीतील मनाचे आजार व त्यांची शुश्रूषा

मनाचे दुखणे घेऊन निघालेल्या ख्रिस्ती माणसाला तीन दारे उघडी असतात. पाळक किंवा फादर त्याचे ऐकून घेतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात, पवित्र शास्त्राच्या आधाराने धीर देतात. ही पाळकीय सेवा. प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने बोलून त्याच्या विचारांचा आणि वागण्याचा गुंता त्याच्याच हाताने सोडवून घेतो, हे समुपदेशन. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर. तो निदान करतो आणि गरज असेल तेथे औषध देतो. तिघांची कामे वेगळी, शिक्षण वेगळे आणि जबाबदाऱ्याही वेगळ्या. दुखणाईत माणूस मात्र एकच असतो. रविवारी उपासनेला बसणारे आणि सोमवारी दवाखान्याच्या बाकावर बसणारे मन वेगवेगळे नसते.

या तिन्हींची सांगड घालायची म्हणजे ती एकमेकांत कालवायची नाहीत. समुपदेशकाने बोलता बोलता दोन वचने सांगितली किंवा पाळकाने मानसशास्त्राचे चार शब्द वापरले म्हणून सांगड घातली जात नाही. प्रत्येकाने आपले काम नीट करावे, दुसऱ्याचे काम ओळखावे आणि रुग्णाला आपली श्रद्धा दवाखान्याच्या पायरीवर काढून ठेवावी लागू नये, इतका तिचा अर्थ आहे. हे ऐकायला सोपे आहे. करायला अवघड का आहे, हे मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाकडे पाहिले की कळते.

निजामाच्या राज्यातील या भागात ख्रिस्ती काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. ते मूळचे ब्राह्मण, १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन स्कॉटिश मिशनचे पाळक झालेले. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, चर्च मिशनरी सोसायटीचे काम रत्नजी नवरोजी या पारशी कुटुंबातून आलेल्या पाळकांनी उभे केले. वैजापूरकडे घोगरगावात संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाच्या संघाचे कॅथलिक फादर आले. पुढे प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी अनेक १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या आणि तिचा मराठवाडा धर्मप्रांत झाला. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला. अलीकडच्या दशकांत पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या शहराच्या नव्या वसाहतींतून आणि खेड्यांतून वाढल्या आहेत. प्रार्थनेने बरे होण्यावर त्यांचा भर असतो आणि मनाच्या आजाराच्या बाबतीत याच भराला फार महत्त्व येते.

मिशनने या भागात देवळाबरोबर शाळा आणि दवाखाना आणला. जालन्याचे मिशन हॉस्पिटल त्याच परंपरेतले. तापाला, बाळंतपणाला, मोतीबिंदूला औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे मराठवाड्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांत कधी कोणी मानले नाही. मनाच्या आजाराला मात्र हा न्याय मिळाला नाही. शरीराचे दुखणे डॉक्टरकडे आणि मनाचे दुखणे प्रार्थनेकडे, अशी वाटणी होऊन बसली. ती धर्मशास्त्रातून आलेली नाही. ज्या काळात मिशनचे दवाखाने उभे राहिले त्या काळात मनाच्या आजारावर औषधच नव्हते, होती ती कोंडून ठेवण्याची व्यवस्था. आता औषध आहे, बोलण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धती आहेत, तरी जुनी वाटणी चालू आहे.

या समाजाच्या मनावरची काही ओझी त्याच्या इतिहासातून आली आहेत. मराठवाड्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे मूळची दलित जातींतली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. त्यामुळे कागदावर एक ओळख आणि घरात दुसरी, अशी अवस्था अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. शाळेच्या दाखल्यावरचे नाव वेगळे, बाप्तिस्म्याचे वेगळे. जातीचा अपमान तर धर्म बदलूनही पुरता सुटत नाही. अशा घरातील तरुण समुपदेशकासमोर बसतो तेव्हा 'धर्म' या रकान्यात काय सांगावे, इथूनच त्याची धास्ती सुरू होते. ज्याला हे ठाऊक नाही तो समुपदेशक या गप्पपणाला सहज असहकार समजेल.

धर्मांतराने नात्यात पडणारी फूट हे दुसरे ओझे. मराठीत त्याची सर्वांत प्रामाणिक नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. नवऱ्याचा धर्म गेला, घर गेले, आप्तांचे टोमणे उरले. त्या वर्षांतील आपल्या मनाची अवस्था लक्ष्मीबाईंनी कसलाही आव न आणता लिहिली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांना कोणी घाई केली असती तर हा शेवट झाला नसता. धर्मांतरित घरातील बाईला सावरायला वेळ, माणसांची सोबत आणि बोलण्याची मोकळीक लागते, हे समुपदेशनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतके त्या पुस्तकातून शिकता येते.

मन खचले म्हणजे विश्वास कमी पडला, ही समजूत आजही अनेक मंडळ्यांत घट्ट आहे. पवित्र शास्त्राचा तिला आधार नाही. कर्मेलाच्या डोंगरावर विजय मिळवलेला एलीया संदेष्टा लगेच पुढच्या अध्यायात रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला उपदेश होत नाही. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खायला देतो. बोलणे होते ते त्यानंतर, बरेच नंतर. आजचा मनोविकारतज्ज्ञ गंभीर नैराश्याच्या रुग्णाची आधी झोप आणि भूक विचारतो, तोच हा क्रम. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी मुकाट बसले, तोवर त्यांनी योग्य तेच केले. तोंड उघडून त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधायला सुरुवात केली आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांनाच दोष देतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला आशेची शेवटची ओळ जोडायची गरज संकलकांना वाटली नाही. उपासनेत ही स्तोत्रे क्वचित वाचली जातात, ही खेदाची गोष्ट आहे. दुःख देवासमोर मांडण्याची भाषा ज्या मंडळीने गमावली तिच्यात नैराश्याच्या रुग्णाला खोटे हसू आणून बसावे लागते.

श्रद्धा आणि मानसशास्त्र यांचे आधुनिक नाते भांडणापासून सुरू झाले असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये धर्म हा भ्रम आहे असे सांगणारे पुस्तक लिहिले, पण ते लिहिताना त्यांच्यासमोर ऑस्कर फिस्टर हे मित्र होते. स्वित्झर्लंडमधील हे पाळक स्वतः मनोविश्लेषण शिकून आपल्या मंडळीतील माणसांसाठी वापरत होते. फिस्टर यांनी पुढच्याच वर्षी फ्रॉइड यांना लेखी उत्तर दिले आणि दोघांचा तीस वर्षांचा पत्रव्यवहार शेवटपर्यंत स्नेहाचा राहिला. अमेरिकेत अँटन बॉयसेन या पाळकाला स्वतःला मनोविकाराने रुग्णालयात राहावे लागले. बाहेर आल्यावर त्यांनी ठरवले की पाळकांनी ग्रंथांइतकेच माणसांकडून शिकले पाहिजे, आणि १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांबरोबर काम करायला बसवले. पाळकांच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाची सुरुवात तिथून झाली.

या इतिहासाचा एक धागा दक्षिण भारतातून जातो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मानसोपचाराचे काम फ्लोरेन्स निकल्स या कॅनडाहून आलेल्या मिशनरी डॉक्टरांनी उभे केले. तिथेच काम करणारे फ्रँक लेक हे इंग्रज डॉक्टर परजीवींच्या रोगांकडून मानसोपचाराकडे वळले, मायदेशी परतल्यावर १९५८ पासून त्यांनी पाळकांसाठी चर्चासत्रे सुरू केली आणि त्यांतून पाळकीय समुपदेशनाची एक मोठी चळवळ तयार झाली. वेल्लोरच्या मानसिक आरोग्य केंद्राने आणखी एक गोष्ट केली: रुग्णाला एकट्याला दाखल करण्याऐवजी नातेवाइकालाही त्याच्याबरोबर राहायला बोलावले. अमृतसरमध्ये डॉ. विद्यासागर यांनी त्याच काळात तंबूंतून असाच प्रयोग केला होता. भारतीय रुग्ण कुटुंबाबरोबर बरा होतो, ही जाण मिशनच्या आणि सरकारी अशा दोन्ही रुग्णालयांत एकाच सुमारास आली.

ख्रिस्ती जगात या सांगडीला विरोधही झाला. जे ॲडम्स या अमेरिकी पाळकांनी १९७० मध्ये असे मांडले की बहुतेक मानसिक त्रासांचे मूळ पापात आहे आणि त्यांना शास्त्राचा बोध पुरेसा आहे. या मताला आजही अनुयायी आहेत आणि इंटरनेटवरील प्रवचनांतून ते मराठी मंडळ्यांपर्यंत पोचले आहे. अपराधाची जाणीव काही वेळा खरोखर केलेल्या अपराधातून येते आणि तेव्हा तिला गोळी हे उत्तर नसते, हा ॲडम्स यांचा मुद्दा मान्य करण्याजोगा आहे. पण प्रसूतीनंतरच्या नैराश्याला, स्किझोफ्रेनियाला, मेंदूच्या रसायनांशी जोडलेल्या मनःस्थितीच्या चढउतारांना पापाचा हिशेब लावणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची चूक पुन्हा करणे होय.

सांगड कशी असावी याचा उत्तम नमुना एका पाळकानेच घालून दिला. चॅड व्हारा या अँग्लिकन पाळकांनी तरुणपणी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. पाळी आल्यावर आपल्याला लाजिरवाणा रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. तिला खरे सांगणारे कोणी नव्हते. १९५३ मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला. लवकरच त्यांच्या लक्षात आले की आपला क्रम येईपर्यंत थांबलेल्या माणसांशी बोलणारे, त्यांना चहा देणारे साधे स्वयंसेवकच अनेकांना पुरे पडतात. त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती दिले आणि एक नियम घातला: आलेल्या माणसाला धर्म सांगायचा नाही. चर्चच्या तळघरात निघालेल्या या समरिटन्स संस्थेचे काम पुढे मुंबईतही सुरू झाले. धर्म न सांगण्याचा तो नियम श्रद्धेतूनच आला होता. जखमी प्रवाशाला त्याचा पंथ न विचारणाऱ्या शोमरोन्याच्या, म्हणजे समरिटनच्या, बायबलमधील दृष्टांतावरूनच संस्था ओळखली जाऊ लागली.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत भरीव उदाहरण व्यसनमुक्तीचे आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत निघाली. तिच्या संस्थापकांनी ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून बरेच घेतले: आपल्या दुबळेपणाची कबुली, स्वतःच्या वागण्याची झाडाझडती, दुसऱ्यासमोर पापनिवेदन, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई आणि अशाच दुसऱ्या माणसाला हात देणे. पण संघटना सर्वांची राहावी म्हणून तिने ख्रिस्ताचे नाव न घेता प्रत्येकाने आपापल्या समजुतीची मोठी शक्ती मानावी असे ठेवले. संघटनेच्या याच बारा पायऱ्या पुण्याच्या मुक्तांगणमध्ये मराठी झाल्या. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलेल्या या केंद्रात औषधोपचार, समुपदेशन आणि समूहातील मोकळे बोलणे एकत्र आले. तिथे बरे झालेल्या हजारो मराठी माणसांना या पद्धतीचे मूळ एका ख्रिस्ती चळवळीत आहे हे माहीत असायचे कारण नव्हते, आणि त्याने काही बिघडलेही नाही.

मुंबईत याच मुळाला दुसरी फांदी फुटली. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून सावरलेले आणि बी.के.एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांना योगासनांची आणि ध्यानाची जोड दिली. कॅथलिक धर्मगुरू, अमेरिकी पद्धत आणि पुण्याचा योग असा हा संगम, आणि त्याच्या बाजूला डॉक्टर व प्रशिक्षित समुपदेशक. संस्थेची केंद्रे वसईसह देशभर पसरली आणि २००९ मध्ये फादरांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यात दारूने पोखरलेली ख्रिस्ती घरे आहेत. पुष्कळ ठिकाणी मंडळीत दारूबद्दल प्रवचन होते, पण दारू एकाएकी सोडल्यावर येणाऱ्या झटक्यांसाठी डॉक्टर लागतो हे कोणी सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने वेदीसमोर शपथ घेऊन घरी बसणे जिवावर बेतू शकते. शपथ जरूर घ्यावी. पण दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

समुपदेशनाच्या खोलीत श्रद्धेचे प्रत्यक्ष काय करायचे, याला आता संशोधनाचा आधार आहे. केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की संकटात श्रद्धा दोन्ही बाजूंनी काम करते. देव सोबत आहे, मंडळी पाठीशी आहे, या प्रसंगातही काही अर्थ असेल, असे वाटणाऱ्याला ती तोलून धरते. देवाने टाकले, हे शिक्षा म्हणून आले, हे सैतानाचे काम आहे, असे वाटणाऱ्याचा त्रास तीच वाढवते. त्यांनी यासाठी चौदा प्रश्नांची छोटी चाचणीही तयार केली. समुपदेशकाला इतकी यंत्रणा नेहमी लागत नाही. पहिल्या भेटीत 'या त्रासात तुम्हाला तुमच्या श्रद्धेचा आधार वाटतो की ओझे वाटते?' एवढे विचारले तरी दार उघडते.

मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती चांगली परिचयाची आहे. एलिस नास्तिक होते आणि सुरुवातीला श्रद्धाळूपणालाच ते मनाच्या बिघाडाचे कारण मानत. अनुभवाने त्यांचे मत बदलले. २००० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले की देवावर भक्कम श्रद्धा असलेल्यांनाही ही पद्धत उपयोगी पडते. ती कशी, हे एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. गर्भपाताच्या अपराधभावनेने खंगलेली एक बाई म्हणते की देव मला कधीही क्षमा करणार नाही. समुपदेशक तिला 'देव वगैरे काही नसते' असे सांगत नाही आणि 'देवाने तुला केव्हाच क्षमा केली' असेही सांगत नाही. तो विचारतो: तुमच्या उपासनेत दर रविवारी पापांच्या क्षमेबद्दल काय म्हटले जाते? येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचे पुढे काय झाले? क्षमा सर्वांना आणि तुम्हालाच तेवढी नाही, हा नियम कुठे लिहिला आहे? तिच्याच श्रद्धेच्या कसोटीवर तिचा विचार टिकत नाही हे तिला स्वतः दिसते. मग उरलेला शोक, नवऱ्याबद्दलचा राग, एकटेपणा, हे सगळे बाहेर येते आणि खरे काम सुरू होते.

असे काम करायला समुपदेशक ख्रिस्ती असावा लागतो का? रिबेका प्रॉप्स्ट यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्यग्रस्त धार्मिक रुग्णांवर श्रद्धेशी जुळवलेली विचार-वर्तन पद्धत वापरली. स्वतः धार्मिक नसलेल्या चिकित्सकांनीही ती परिणामकारकपणे वापरली. संभाजीनगरसारख्या शहरासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण इथे ख्रिस्ती रुग्णासमोर बसणारा समुपदेशक बहुधा हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान असतो. त्याने ख्रिस्ती होण्याची गरज नाही. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापनिवेदन, उपास-प्रार्थना हे रुग्णाच्या जगण्यात काय आहे, ते आदराने विचारून घेण्याची मात्र गरज आहे.

पापभीरूपणाचा आजार हा या विषयातील सर्वांत बोलका भाग आहे, कारण त्यात पाळक आणि चिकित्सक यांना एकत्र काम करावेच लागते. काही माणसांना देवनिंदेचा विचार नकळत मनात येतो, त्याची भीती बसते, मग तो धुऊन काढण्यासाठी तीच प्रार्थना पुन्हापुन्हा म्हणणे, एकच पाप पुन्हापुन्हा निवेदन करणे सुरू होते. हा मंत्रचळेपणाचाच, म्हणजे विचार-कृतीच्या अनिवार्यतेच्या आजाराचा, धार्मिक प्रकार. चर्चला तो मानसशास्त्राच्या आधीपासून माहीत आहे. येशूसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला १५२२ मध्ये मान्रेसा येथे याच त्रासाने आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचले होते. मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करून आपल्या गुरूला थकवत. अशा रुग्णाला फादर दर वेळी प्रेमाने ऐकून क्षमेचा दिलासा देत राहिले तर आजार वाढतो, कारण दिलासा हेच त्याचे खाद्य. आजची उपचारपद्धती भीतीला सामोरे जाऊन ती कृती न करण्याचा सराव देते. रुग्णाच्या संमतीने चिकित्सक आणि फादर बोलले, महिन्यातून एकदाच पापनिवेदन आणि एकदा सांगितलेले पाप पुन्हा सांगायचे नाही, असे फादरांनीच बजावले, तर रुग्ण ते पाळतो. चिकित्सकाच्या तोंडून तीच गोष्ट त्याला धर्मद्रोह वाटली असती.

क्षमेच्या बाबतीतही अशीच सावधगिरी लागते. ख्रिस्ती शिकवणीत क्षमा केंद्रस्थानी आहे आणि राग सोडण्याने मन हलके होते हे संशोधनानेही दिसले आहे. पण मार खाणाऱ्या बायकोला 'क्षमा कर आणि घरी जा' असे सांगणे ही क्षमेची शिकवण नव्हे. क्षमा मनात होते; पुन्हा एकत्र राहणे हे समोरच्याच्या बदललेल्या वागण्यावर आणि सुरक्षिततेवर ठरते. हा फरक प्रत्येक पाळकाने लग्नाआधीच्या शिकवणीतच जोडप्यांना सांगायला हवा. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू हे कारण तिथे चालत नाही.

भूतबाधेचा प्रश्न टाळून चालणार नाही. दुरात्मे काढण्याच्या सभा ख्रिस्ती वर्तुळातही होतात. कॅथलिक चर्चच्या कायद्याने बिशपांच्या खास परवानगीशिवाय असा विधी करता येत नाही, आणि १९९९ च्या सुधारित विधीत आजार आहे का ते आधी डॉक्टरांकडून पाहण्याची सूचना आहे. स्वतंत्र मंडळ्यांवर असा अंकुश नसतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा प्रार्थनेला हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, उपचारापासून रोखणे याला मात्र तो सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. हा कायदा अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे लावून धरला होता. तो सर्व धर्मांना सारखा लागू आहे आणि ख्रिस्ती मंडळ्यांनी त्याचे मनापासून स्वागत करायला हवे. कानात आवाज येणाऱ्या मुलाला उपास घडवून, गोळ्या बंद करायला लावून 'सुटका' झाल्याची साक्ष देणे हे त्या मुलाच्या आयुष्याशी खेळणे आहे.

व्यावसायिक बाजूलाही मर्यादा आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की समाजाच्या रूढ नीतीशी किंवा धर्ममताशी कोणी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. भाषांचे दान (म्हणजे प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलणे), दृष्टांत, मोठ्याने प्रार्थना हे पाहूनच आजाराचा शिक्का मारणारा डॉक्टर या तत्त्वाच्या विरुद्ध वागतो. त्याने आधी त्या मंडळीत हे नेहमीचे आहे का ते विचारावे. उलट, समुपदेशक स्वतः ख्रिस्ती असेल तर त्याने दुखावलेल्या माणसाच्या दुबळ्या क्षणी आपला धर्म पुढे करू नये. ते व्यवसायाच्या नीतीत बसत नाही, आणि धर्मांतराच्या संशयाचे वातावरण असताना अशी एक घटनाही शंभर प्रामाणिक कामांवर पाणी फिरवते. प्रार्थना करायची असेल तर ती रुग्णाने मागावी. शिवाय समुपदेशक ही पाटी लावणाऱ्याचे शिक्षण काय हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत असावी लागते, आणि २०२१ च्या कायद्याने समुपदेशकांसारख्या व्यवसायांसाठीही नोंदणीची चौकट आखली आहे. बायबल महाविद्यालयातील काही आठवड्यांचा अभ्यासक्रम पाळकाला चांगला श्रोता बनवतो; तो त्याला चिकित्सक बनवत नाही.

लहान समाजातली सर्वांत मोठी अडचण गुप्ततेची आहे. संभाजीनगरात छावणीच्या मंडळीत सांगितलेले सिडको वसाहतीत पोचायला एक रविवार पुरतो. 'अमक्या भगिनीसाठी प्रार्थना करा, तिला डिप्रेशन आहे' असे व्यासपीठावरून किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर सांगणे सद्‌हेतूने होते आणि त्या बाईची लग्नाळू मुलगी वर्षानुवर्षे त्याची किंमत मोजते. पापनिवेदनाची गुप्तता कॅथलिक चर्च जितक्या कडकपणे पाळते तितक्या कडकपणे प्रार्थनेच्या विनंत्यांची गुप्तताही पाळली गेली पाहिजे. नाव न घेता प्रार्थना केली तरी देवाला ती कोणासाठी आहे ते कळते.

आत्महत्येच्या बाबतीत चर्चने स्वतःला सुधारले आहे, पण गावोगावी ते पोचलेले नाही. कॅथलिकांच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यातून ते कलम गेले, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तीव्र मानसिक त्रास माणसाची जबाबदारी कमी करतो असे सांगून त्याच्यासाठी प्रार्थना करायला शिकवले आहे. देशाचा कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरतो. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाड्यात ख्रिस्ती शेतकरी आणि शेतमजूरही आहेत. मागे राहिलेल्या बायकोला आणि मुलांना 'त्याचे तारण झाले नसेल' हे वाक्य कबरस्तानात ऐकावे लागू नये.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनाचा आजार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. म्हणजे दोनशे प्रौढांच्या मंडळीत वीसेक जण कोणत्याही रविवारी हे दुखणे घेऊन बाकावर बसलेले असू शकतात, आणि त्यांतले बहुतेक कोणाकडेच गेलेले नसतात. पाळक त्यांना ओळखतो, त्यांच्या घरी जातो, त्यांच्या घरातले मरण आणि लग्न त्याने पाहिलेले असते. कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाला ही जवळीक मिळत नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने थोडे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांकडून नैराश्यावर परिणामकारक समुपदेशन करून दाखवले आहे; मंडळीतील सेविका, रविवारच्या शाळेच्या शिक्षिका, धर्मभगिनी हे काम देखरेखीखाली शिकू शकतात.

त्यासाठी संभाजीनगरात नवी इमारत लागत नाही. घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, शहरात खासगी मनोविकारतज्ज्ञ आहेत, विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून दिवसरात्र, मराठीतही, मोफत चालू आहे. प्रोटेस्टंट व कॅथलिक अशा दोन्ही धर्मप्रांतांनी आणि स्वतंत्र मंडळ्यांनी आपल्या पाळकांना आजाराची मुख्य लक्षणे ओळखायला शिकवावे: दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी, झोप-भूक उडणे, मरणाच्या गोष्टी, न दिसणारे दिसणे, दारू सुटताना थरथर. अशा माणसाला पाळकाने नुसता पत्ता लिहून देऊ नये. पहिल्या भेटीला स्वतः बरोबर जावे, बाहेरच्या बाकावर थांबावे आणि औषध सुरू झाल्यावरही घरी जाऊन प्रार्थना करणे सोडू नये. १४४१६ हा क्रमांक येत्या रविवारपासून प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर, उपासनेच्या वेळांच्या खाली, मोठ्या अक्षरात लावावा.